वास येईनासा होतो तेव्हा

वारंगा फाट्यावर उतरलेला माणूस सहसा दुसरीकडेच कुठेतरी निघालेला असतो. हिंगोलीकडून येणारा रस्ता इथे नांदेड-नागपूर रस्त्याला मिळतो. कुणाला नांदेडची गाडी धरायची असते, कुणाला हदगाव-उमरखेडची, आणि मधल्या वेळात गरम खिचडीची प्लेट हातात येते. माझं माहेर इथून चार कोसांवर आहे. त्यामुळे लहानपणचा प्रत्येक प्रवास या फाट्यावरूनच सुरू झाला, आणि हा लेखही तिथूनच सुरू करते.

मी सातवी-आठवीत असेन. आजीच्या पायाला जुनी खाज होती, कशानं जात नव्हती. कुणीतरी सांगितलं, उनकेश्वरला नेऊन आणा. उनकेश्वर नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या बाजूला, पैनगंगेच्या काठी. तिथले गरम पाण्याचे झरे गंधकाचे म्हणून ओळखले जातात आणि कातडीच्या रोगांसाठी लांबून लोक येतात. आम्ही फाट्यावर गाडी बदलली, पुढे आणखी दोनदा बदलली आणि दुपारी पोचलो. उतरल्याबरोबर मी नाक दाबलं. नासक्या अंड्याचा वास होता. आजी हसली, म्हणाली, "थोडं दम धर, जाईल." आणि खरंच, अर्ध्या तासात गेला. मी खुशाल पाण्यात पाय सोडून बसले.

संध्याकाळी परत येताना आजीची चांदीची जोडवी काळी पडलेली दिसली. मी घाबरले. आजी मात्र खूश होती. "पाणी खरं हाय, म्हणून चांदी काळी झाली. खोटं आसतं तर पांढरीच ऱ्हायली आसती." घरी येऊन तिनं राख आणि चिंच लावून जोडवी घासली, तशी ती हळूहळू उजळली.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले, आता शिकवते. आजीनं त्या दिवशी केली ती हायड्रोजन सल्फाइडची चाचणी होती, हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली. आणि "वास जाईल" हे तिचं दुसरं वाक्य किती धोक्याचं आहे, हे कळायला त्याहून जास्त. वास गेला नव्हता. माझं नाक गेलं होतं.

*

आजीच्या जोडव्यांना मोठी परंपरा आहे, हे मला रामाझिनीमुळे कळलं. बर्नार्डिनो रामाझिनी हा इटलीतल्या मोडेना शहरातला वैद्य. १७०० साली त्यानं कामकऱ्यांच्या रोगांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. व्यवसायातून होणाऱ्या आजारांच्या अभ्यासाची सुरुवात त्या पुस्तकापासून धरतात. त्याची प्रेरणा कुठल्या ग्रंथालयातून आली नव्हती. त्याच्या घरचा शौचखड्डा उपसायला माणूस आला होता. तो जिवाच्या आकांतानं, घाईघाईनं काम करताना दिसला. रामाझिनीनं विचारलं, अरे इतकी घाई का? त्या माणसानं वर पाहून सांगितलं की इथे चार तासांहून जास्त राहिलं तर डोळे जातात. रामाझिनीनं त्याचे डोळे तपासले, ते लाल आणि सुजलेले होते. मग त्यानं शहरातले तसले इतर लोक पाहिले. कित्येक जण अर्धवट आंधळे होऊन भीक मागत होते.

त्याच प्रकरणात एक छोटी नोंद आहे. या लोकांच्या खिशातली तांब्याची आणि चांदीची नाणी काळी पडतात. ती नेमकी कशानं, हे सांगणारं रसायनशास्त्र तेव्हा जन्मालाच आलेलं नव्हतं. पण खड्ड्यातली जी गोष्ट डोळ्यांवर काम करते तीच नाण्यावरही करते, एवढं त्याला दिसलं होतं. रोग्याला वैद्यानं आणखी एक प्रश्न विचारावा, तुझा धंदा काय, हा त्याचा सल्ला आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सांगितला जातो.

त्या गोष्टीला नाव मिळायला अजून पाऊणशे वर्षं गेली. १७७७ साली स्वीडनमधला औषधविक्रेता कार्ल विल्हेल्म शील यानं हवा आणि अग्नी यांवरच्या आपल्या पुस्तकात या दुर्गंधी वायूचं वर्णन केलं. हायड्रोजनचे दोन अणू, गंधकाचा एक. हवेपेक्षा थोडा जड, त्यामुळे खड्ड्यात, विहिरीत, टाकीत खाली बसतो. जिथे हवा पोचत नाही आणि काहीतरी कुजत असतं, तिथे जिवाणू तो तयार करतात. नाल्यातल्या गाळात, शेणाच्या टाकीत, इथून फार लांब नसलेल्या लोणार सरोवराच्या काठच्या काळ्या चिखलात, आणि आपल्या आतड्यातही.

*

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी बी.एस्सी. केलं, तिथल्या प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात काचेचे तीन फुगे एकावर एक रचल्यासारखं उपकरण होतं. किपचं उपकरण. डेल्फ्ट शहरातल्या पेत्रुस किपनं ते १८४४ च्या सुमारास तयार केलं. मधल्या फुग्यात लोखंडाच्या सल्फाइडचे खडे आणि त्यावर सौम्य आम्ल. तोटी उघडली की वायू सुरू, बंद केली की त्याच्याच दाबानं आम्ल वर ढकललं जातं आणि वायू थांबतो. महाराष्ट्रात रसायनशास्त्र शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या कपड्यांना या फुग्यांचा वास लागलेला आहे.

आम्ही हा वायू शोधत नव्हतो. त्याच्याकडून दुसऱ्यांना शोधून घेत होतो. जर्मनीतल्या फ्रेसेनियसनं १८४१ साली लावून दिलेल्या घडीप्रमाणे, अनोळखी क्षाराच्या आम्लयुक्त द्रावणात वायू सोडायचा. काळा साका आला तर तांबं किंवा शिसं, पिवळा आला तर कॅडमियम किंवा आर्सेनिक, नारिंगी आला तर अँटिमनी. आणि कधी उलटं करायचं असेल, म्हणजे वायूच आहे का ते पाहायचं असेल, तर लेड अ‍ॅसिटेटमध्ये बुडवलेला कागद परीक्षानळीच्या तोंडाशी धरायचा. तो काळा झाला की झालं. आजीची जोडवीच, फक्त चांदीऐवजी शिसं.

प्रयोगशाळेत एक वयस्क परिचर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. वास फार झाला की आम्ही पोरी ओढणी नाकाशी धरायचो. मामा खिडक्या उघडत म्हणायचे, "वास येतोय तोवर भिऊ नका. वास यायचा थांबला की बाहेर पळा." आम्हाला तो विनोद वाटायचा.

तो विनोद नव्हता. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एखादा भाग असला, तरी आपल्या नाकाला तो सहज कळतो. त्याच्या शंभरावा हिस्सा असला तरी पुष्कळांना कळतो. माणसाच्या नाकाला इतक्या अल्प प्रमाणात कळणारे वायू थोडेच आहेत. पण प्रमाण दहा लाखांत १०० च्या आसपास गेलं की काही मिनिटांत घ्राणेंद्रियच बधिर होतं. वास कमी होत होत नाहीसा होतो. ५०० च्या पुढे माणूस कोसळू शकतो. ७०० ते १,००० च्या दरम्यान एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते, आणि त्यापुढे श्वास थांबायला वेळ लागत नाही. म्हणजे वायू थोडा असताना नाक ओरडून सांगतं आणि मारण्याइतका झाला की गप्प बसतं. ज्याच्याकडे फक्त नाक आहे, त्याला शेवटच्या टप्प्यात "आता बरं झालं" असंच वाटणार.

दुसरी एक जुनी समजूत आपल्याकडे आहे. विहिरीत किंवा पेवात उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा, किंवा पेटती काडी टाकायची. ज्योत विझली तर उतरायचं नाही. पेवात धान्याच्या श्वसनानं कार्बन डायऑक्साइड साचतो आणि प्राणवायू घटतो, तिथे ही रीत शहाणपणाची आहे. पण दहा लाखांत १,००० म्हणजे हवेचा फक्त ०.१ टक्का. त्यानं ज्योतीला काहीच फरक पडत नाही. कंदील खालीही छान तेवत राहतो. आणि सेप्टिक टाकीत मिथेन असेल तर पेटती काडी टाकणं हा निराळाच धोका.

*

मी शिकवायला लागले त्या वर्षी एका खेड्यातल्या ग्रामपंचायतीत हा वायू पुन्हा भेटला, यावेळी बाटलीत. पाणी तपासायची लहानशी बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. हातपंपाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, बूच लावायचं आणि उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर ते पिण्यालायक नाही.

या बाटलीची गोष्ट भारतातली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतले के. एस. मांजा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ही पद्धत प्रसिद्ध केली. मैलामिश्रित पाण्यात आतड्यातल्या जिवाणूंसोबत असे काही जिवाणू येतात, जे हायड्रोजन सल्फाइड बनवतात. पट्टीवर त्यांचं खाद्य असतं, गंधक असलेलं थायोसल्फेट असतं आणि लोहाचा क्षार असतो. जिवाणू वाढले की वायू होतो, वायू लोहाशी मिळून काळा होतो. सूक्ष्मदर्शक नको, वीज नको, पदवी नको. काळं म्हणजे वाईट, हे कुणालाही कळतं.

त्या गावच्या सरपंचबाईंनी काळी बाटली खिडकीत ठेवून दिली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. मला त्या दिवशी रामाझिनी आठवला. वायूवर झालेल्या एवढ्या संशोधनातून खेड्यातल्या माणसाच्या हातात पडलेली ही एक गोष्ट होती, आणि ती मुद्दाम त्याच्यासाठी बनवलेली होती.

*

काळं झालं म्हणजे वायू आहे, पण किती आहे? हा प्रश्न सोडवला रंगाच्या कारखान्यांनी. १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारोनं मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग तयार केला. या रंगाच्या रेणूत मधोमध गंधकाचा अणू असतो. १८८३ मध्ये एमिल फिशरनं ते उलटं वापरलं. रंगाचे बाकीचे भाग द्रावणात तयार ठेवायचे, फक्त गंधक ठेवायचा नाही. नमुन्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर तोच गंधक पुरवतो आणि निळा रंग उमटतो. जितका वायू तितका निळा. सव्वाशेहून जास्त वर्षं ही पद्धत सांडपाण्यापासून रक्तापर्यंत सगळीकडे चालली, आजही चालते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र तिच्यापुढे वेगळाच प्रश्न आला. उंदराच्या मेंदूत हा वायू आहे असे अहवाल १९८९ मध्ये आले. १९९६ मध्ये टोकियोतल्या काझुहो आबे आणि हिदेओ किमुरा यांनी दाखवलं की मेंदूतली एक विकरच तो बनवते आणि तो चेतापेशींच्या संदेशवहनावर परिणाम करतो. ज्याला आपण गटाराचा वायू म्हणत होतो, तो शरीर स्वतःहून थोडा थोडा बनवून निरोप पाठवायला वापरतं. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, नायट्रिक ऑक्साइड या दुसऱ्या एका विषारी वायूच्या अशाच कामगिरीच्या शोधाला नोबेल मिळालं, तेव्हा ही कल्पना कुणाला वेडगळ वाटेनाशी झाली.

पण पेशीत तो किती असतो? मिथिलीन ब्ल्यूची पद्धत आकडा देत होती, आणि तो चांगला मोठा होता. गोम अशी की ती पद्धत तीव्र आम्लात चालते. आम्ल घातलं की पेशी तर मरतेच, शिवाय प्रथिनांत लोहाशी बांधलेला गंधकही सुटून वायूत सामील होतो. २००८ मध्ये फर्न, सईद आणि लेविट या संशोधकांनी वेगळ्या रीतीनं मोजलं आणि ऊतींतलं खरं प्रमाण मानलेल्या आकड्याच्या कित्येक पट कमी निघालं. त्याच सुमारास कुणीतरी साधा प्रश्नही विचारला होता: रक्तात एवढा वायू असेल तर रक्ताला त्याचा वास का येत नाही? इतकी वर्षं छापत आलेल्या आकड्यांच्या विरोधात शेवटी नाकानंच साक्ष दिली. या गोष्टीत नाक खरं ठरलं ते एवढंच एकदा, आणि तेही प्रमाण अगदी थोडं होतं म्हणून.

*

हवा होता असा खबऱ्या, जो पेशीला न मारता तिच्या आत शिरेल आणि वायू भेटला की तिथूनच खूण करेल. इथे मला हळद आठवते.

आमचा भाग हळदीचा. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही आहे. वर्गात मी एक प्रयोग करते. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद घालते, वर्गातले दिवे बंद करते आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यावर धरते. बरणी हिरवट-पिवळ्या उजेडानं भरून जाते. पोरं ओरडतात. ज्या हळदीत ती उन्हाळाभर हात बुडवून असतात, तिच्यात हे लपलेलं होतं! डोळ्याला न दिसणारा प्रकाश पिऊन दिसणारा प्रकाश बाहेर टाकणं, हीच अनुदीप्ती. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्सनं तिला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. मग मी त्यांना कुंकवाची आठवण देते. हळदीला चुना लागला की ती लाल होते. रंगाचा रेणू तोच, भोवतालची रसायनं बदलली की तो वेगळं बोलतो.

फ्लुओरेसंट प्रोब म्हणजे या दोन्ही गोष्टींची सांगड. उजेड देणारा रेणू घ्यायचा आणि त्याच्या अशा जागी एक गट बसवायचा की उजेड विझून जाईल. तो गट असा निवडायचा की हायड्रोजन सल्फाइडनं तोडला किंवा बदलला तरच दिवा पुन्हा लागेल. २०११ हे या शोधाचं भरभराटीचं वर्ष. बर्कलीतल्या क्रिस्टोफर चँग यांच्या गटानं रोडामिन रंगावर नायट्रोजनच्या तीन अणूंचं झाकण बसवलं. वायू भेटला की झाकणाचं रूप बदलतं आणि पेशी हिरवी उजळते. जॉर्जियातल्या बिंघे वँग यांच्या गटानं त्याच युक्तीनं रक्तात काही सेकंदांत उत्तर देणारा रेणू केला. जपानमध्ये, शिकागोत, वॉशिंग्टन राज्यात त्याच वर्षी वेगवेगळ्या युक्त्यांचे प्रोब आले.

अडचण ओळख पटवण्याची होती. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा गंधकाचाच एक रेणू असतो, तोही असाच स्वभावाचा आणि संख्येनं हजारो पट जास्त. बाजारभर लोकांतून एकाच माणसाला ओळखायचं आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्यांना सोडून द्यायचं, असं ते काम. या कामात महाराष्ट्रही होता. पुण्यात पाषाणला, भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, पिनाकी तालुकदार यांच्या गटानं २०१३ मध्ये बोडिपी जातीच्या रंगापासून एक प्रोब तयार केला. त्याचा रंगही बदलतो आणि उजेडही पडतो, आणि तो जिवंत पेशींत वापरून दाखवला. त्याच संस्थेतले हरिनाथ चक्रपाणी उलट्या दिशेनं गेले. त्यांनी असे रेणू बनवले, जे ठरवलेल्या जागीच हा वायू सोडतात. बंगळुरूच्या अमित सिंह यांच्यासोबत २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की काही जिवाणू याच वायूच्या आधारानं प्रतिजैविकांपुढे तग धरतात. दवाखान्यात औषध का लागू पडत नाही, या प्रश्नाचा एक धागा असा गटारातल्या वायूपर्यंत पोचतो.

हे सगळं वर्गात सांगताना मला अभिमान वाटतो. पाषाणच्या सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीतला वायू उजेडानं दिसतो, यात किती पिढ्यांची बुद्धी आहे! पण सांगून झालं की पुढची गोष्टही मला सांगावी लागते.

*

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, सेप्टिक टाकी साफ करताना ५ कामगारांचा जीव गेला. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. ती आमच्याच मुलखातली माणसं. अशा बातम्यांचा साचा ठरलेला असतो. एक उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो, प्राणवायू कमी असतो. कुणी कशानं पडला हे वर उभ्या असलेल्याला कळत नाही.

कायदा आहे. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. त्याखालच्या नियमांत जी साधनांची यादी आहे, तीत चार वायूंचा मापकही आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. मापक हातात मावेल एवढा असतो. त्यात विद्युतरासायनिक घट असतो, प्रमाण वाढलं की तो केकाटतो. तो बाजारात मिळतो. मी तो आमच्या भागात कुणा उतरणाऱ्याच्या कमरेला अजून पाहिलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. फाट्याजवळ माझ्या मावसभावाचं हॉटेल आहे. नांदेडहून येताना मी तिथे थांबले. मागच्या बाजूला टाकी उपसायचा टँकर उभा होता. वरचं पाणी ओढून झालं होतं, तळाशी गाळ घट्ट बसला होता आणि पाइप तो ओढत नव्हता. विशी-बाविशीचा एक मुलगा झाकणाशी पालथा पडून आत डोकावत होता. उठून मला म्हणाला, "मॅडम, वास कमी झालाय. आता उतरता येईल."

मामांचं वाक्य मला तिथे, त्या उन्हात, पुरतं ऐकू आलं.

भाऊ म्हणाला, "ताई, हे लोक रोजचं करतात. तू जेवून घे." दुपारच्या गर्दीच्या आत त्याला काम उरकायचं होतं. मी भांडले नाही. पर्समध्ये लेड अ‍ॅसिटेटच्या कागदांची डबी होती, कॉलेजच्या प्रात्यक्षिकांसाठी नांदेडहून घेतलेली. एक कागद ओला केला, सुतळीला बांधला, दगडाचा खडा लावला आणि गाळाला टेकणार नाही एवढा आत सोडला. वर काढला तेव्हा तो पांढरा कागद काळपट तपकिरी होऊन चमकत होता.

त्या मुलाला मी खरं तेच सांगितलं. कागद काळा म्हणजे उतरायचं नाही. पण कागद पांढरा राहिला तर उतरायला हरकत नाही, असं मात्र समजू नकोस. आत प्राणवायू आहे का, मिथेन आहे का, हे त्याला कळत नाही. हा कागद परवानगी देऊ शकत नाही, फक्त अडवू शकतो. त्यानं विचारलं, "मग मंग काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणजे त्याच्या हातात देता येईल असं नव्हतं. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला, मग टँकरवाल्याला म्हणाला, राहू द्या गाळ, पाण्याचा मारा करायचं मशीन घेऊन परत या. जास्तीचे पैसे लागतील म्हणून कुरकुरला. त्या दिवशी कुणी उतरलं नाही. दुसऱ्या कुठल्या टाकीत, दुसऱ्या दिवशी, तो उतरला असेल का, हे मी स्वतःला विचारते.

निघताना त्या मुलानं तो काळा कागद मागून घेतला. उलटसुलट पाहिला. मग डाव्या हाताचं बोट माझ्यापुढे केलं. बोटात चांदीची अंगठी होती, पार काळी.

"ही बी आशीच होती," तो म्हणाला. "किती घासली तरी दोन दिसांत काळी. मला वाटलं, सोनारानं खोटी चांदी दिली."

मी म्हणाले, "चांदी खरी आहे रे."